सात अधिक चार

विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही ओपीडीत काही ठरावीक प्रश्न विचारतो. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या गावात आहोत. मग तीन शब्द सांगतो, समजा आंबा, खुर्ची, रुपया, आणि पाच मिनिटांनी ते परत विचारतो. शंभरातून सात वजा करायला लावतो, आलेल्या उत्तरातून पुन्हा सात, असे पाच वेळा. शाळेत न गेलेल्या आजीबाईंना वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगतो किंवा बाजारातला साधा हिशेब घालतो. दहा मिनिटांची ही तपासणी. मेंदूत एकूण किती साठवले आहे हे तिच्यातून कळत नाही. आत्ता सांगितलेले किती टिकते आणि मागितल्यावर परत मिळते का, एवढेच कळते.

मध्यंतरी इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा घरी आला होता. त्याने मला संगणकाची अशीच एक तपासणी करून दाखवली. सी नावाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला जादा मेमरी हवी असेल, तर ती यंत्रणेकडे मागावी लागते. जागा असली तर यंत्रणा तिचा पत्ता देते. नसली तर ‘नल’ म्हणजे रिकामे उत्तर येते. भाच्याने आठ जीबी रॅमच्या लिनक्स लॅपटॉपवर एकेक जीबी मागत राहणारा चार-पाच ओळींचा प्रोग्राम चालवला. आठ झाले, पन्नास झाले, शंभर झाले, तरी नकार येईना! मला वाटले, काहीतरी चुकले. त्याने समजावून सांगितले की यंत्रणा इथे नुसता शब्द देते. खरी जागा ती ४,०९६ बाइटच्या एकेका पानाने देते, आणि तीही तिथे प्रोग्रामने काही लिहिले तरच. मग त्याने प्रत्येक पानावर एक आकडा लिहायची सूचना प्रोग्राममध्ये घातली. या वेळी लॅपटॉप रखडायला लागला आणि थोड्या वेळाने यंत्रणेनेच प्रोग्राम मारून टाकला.

मेमरी किती आहे हे नुसती मागून कळत नाही, ती वापरावी लागते. हे पाहताना मला एका माणसाची आठवण झाली. संगणकाच्या पोटात मेमरी कशी असावी हे त्याने मांडले, मेंदूच्या मेमरीचा आकडा काढायचाही प्रयत्न केला, आणि शेवटी रुग्णालयाच्या खाटेवर त्याच्यावर स्वतःचीच मेमरी तपासून पाहण्याची वेळ आली. त्यांचे नाव जॉन फॉन नॉयमन.

पाठांतराचा राजा

नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात, एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेत मोठ्या पदावर होते. तीन भावांत हा थोरला. घरचे नाव यानोश. सहाव्या वर्षी तो आठ आकडी संख्यांचे भागाकार तोंडी करत असे आणि पाहुण्यांसमोर टेलिफोन डिरेक्टरीचे पान एकदा वाचून त्यातली नावे व नंबर धडाधड म्हणून दाखवत असे, असे त्याच्याबद्दल सांगतात. वडिलांनी एक खासगी ग्रंथसंग्रहच विकत घेतला होता. त्यात जर्मन भाषेतला जगाचा इतिहास चाळीसहून अधिक खंडांत होता. मुलाने तो वाचून काढला.

गणितात पोट भरणार नाही ही काळजी तिकडच्या वडिलांनाही होती. तडजोड म्हणून यानोशने रसायनशास्त्र घेतले, आधी बर्लिनला आणि मग झुरिकला. त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणितासाठी नाव घातले. तिथे तो परीक्षेपुरता हजर होई. १९२६ मध्ये झुरिकची केमिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टची गणितातली डॉक्टरेट, दोन्ही मिळाल्या. तेव्हा वय बावीस. पुढे गॉटिंगेन आणि बर्लिन करून १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी या संस्थेचे अगदी सुरुवातीचे प्राध्यापक झाले. आइन्स्टाइन त्याच यादीत होते. पुंज यांत्रिकीचा गणिती पाया आणि खेळ सिद्धांत ही त्यांची कामे त्या-त्या विषयात आजही मूलभूत मानली जातात.

अमेरिकेत यानोशचा जॉनी झाला. त्यांच्या स्मृतीचे किस्से मित्रांनी लिहून ठेवले आहेत. गणितज्ञ हरमन गोल्डस्टाइन यांनी एकदा त्यांची परीक्षाच घेतली. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ची सुरुवात कशी आहे, असे विचारले. नॉयमन यांनी पहिले प्रकरण म्हणायला सुरुवात केली ते थांबेचनात. दहा-पंधरा मिनिटांनी गोल्डस्टाइन यांनाच पुरे म्हणावे लागले. वाचून अनेक वर्षे उलटलेले पुस्तक होते ते.

पण याच माणसाला पत्नी क्लारा यांनी एकदा पाणी आणायला सांगितले, तर ते थोड्या वेळाने ग्लास कुठे असतात ते विचारायला परत आले. त्या घरात ते अनेक वर्षे राहत होते. माझ्या ओपीडीत अशी तक्रार घेऊन येणारी पत्नी घाबरलेली असते. त्यांना मी सांगतो, लक्षच दिले नाही तर नोंद होत नाही, आणि जे नोंदलेच नाही ते विसरणेही शक्य नाही. लिहिल्याशिवाय पान मिळत नाही, तसेच हे.

यंत्राला स्मृती

१९४४ च्या उन्हाळ्यात अॅबरडीन गावाच्या रेल्वे फलाटावर गोल्डस्टाइन यांची नॉयमन यांच्याशी गाठ पडली. नॉयमन तेव्हा लॉस अॅलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात सल्लागार होते आणि आकडेमोडीच्या डोंगराखाली दबले होते. गोल्डस्टाइन यांनी फिलाडेल्फियात लष्करासाठी तयार होत असलेल्या एनिअॅक या इलेक्ट्रॉनिक यंत्राबद्दल सांगितले. लवकरच नॉयमन ते पाहायला गेले.

एनिअॅकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याने एक मोठी खोली व्यापली होती. पण काम चालू असताना त्याला ध्यानात ठेवता येत होत्या फक्त वीस संख्या, प्रत्येकी दहा अंकी. नवे गणित घालायचे तर तारा उपटून नव्याने जोडायच्या. त्यात दिवस जात. वेग भरपूर, स्मृती नावापुरती. दुखणे कुठे आहे हे तिथल्या मंडळींना कळलेलेच होते. जे. प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉक्ली या अभियंत्यांनी पुढच्या यंत्राचा, एडव्हॅकचा, विचार सुरू केला होता. पाऱ्याच्या नळीतून ध्वनिलहरी फिरवत ठेवून आकडे साठवायचे, ही कल्पना एकर्ट यांची.

या चर्चांमधून नॉयमन यांनी जून १९४५ मध्ये एक अहवाल लिहिला. यंत्राच्या भागांना त्यांनी शरीरातल्यासारखे अवयव म्हटले: गणित करणारा, नियंत्रण करणारा, आत घेणारा, बाहेर देणारा, आणि स्मृती. मॅककलक आणि पिट्स या दोघांनी १९४३ मध्ये चेतापेशींचे जे गणिती प्रारूप मांडले होते, त्याचा आधारही घेतला. संगणकाच्या साठवणीला आज आपण सहज मेमरी म्हणतो, त्यात या अहवालाचा वाटा मोठा आहे. कोणत्या कारणासाठी किती जागा लागेल याचा हिशेब त्यात आहे: अर्धवट उत्तरे, कोष्टके, सुरुवातीचे आकडे आणि सूचना. सूचना आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवायचे, हा त्यातला कळीचा मुद्दा. मग तारा उपटायचे कारण उरत नाही; स्मृतीतला मजकूर बदलला की यंत्राचे काम बदलते. आपल्या मोबाइलपर्यंत सगळी यंत्रे याच घडणीची आहेत.

अहवालावर नाव मात्र एकट्या नॉयमन यांचेच छापले गेले. एकर्ट आणि मॉक्ली यांना हे लागले, आणि ते चूक नव्हते. या घडणीला आजही एकट्या फॉन नॉयमन यांचे नाव आहे. वाचकांनी बाकी दोन नावेही लक्षात ठेवावीत.

सव्वा पान

युद्धानंतर नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. विचारवंतांच्या त्या शांत जागी तेलकट हातांचे अभियंते येणे काही प्राध्यापकांना रुचले नाही. मेमरी किती लागेल, हा प्रश्न इथेही पहिला होता. गोल्डस्टाइन आणि आर्थर बर्क्स यांच्याबरोबर १९४६ मध्ये लिहिलेल्या आराखड्यात त्यांनी कोणत्या प्रकारच्या गणिताला किती जागा लागेल याचा अंदाज बांधून ४,०९६ शब्दांचा आकडा धरला. शब्द म्हणजे इथे ४० बिटांचा एक गट. बिट म्हणजे शून्य किंवा एक.

त्यासाठी हव्या असलेल्या खास नळ्या वेळेवर तयार झाल्या नाहीत. मुख्य अभियंता ज्युलियन बिगेलो यांनी त्याऐवजी जुन्या टीव्हीच्या पडद्यासारख्या चाळीस नळ्या वापरल्या. प्रत्येकीच्या पडद्यावर ३२ ओळी आणि ३२ रकाने, म्हणजे १,०२४ ठिपके. ठिपक्याच्या विद्युतभारावरून शून्य की एक ते कळे. भार गळून जाई, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरत राहावे लागे. एकाच ठिपक्याची फार वेळा विचारपूस केली तर शेजारचे ठिपके बिघडत. पडद्याच्या अस्तरात बारीक दोष असला तरी तिथली स्मृती भरवशाची नसे, त्यामुळे नळ्या तपासून, निवडून घ्याव्या लागत. लिहा, थांबा, परत वाचा. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारण्यापेक्षा हे फार वेगळे नाही.

१९५२ मध्ये हे यंत्र जाहीरपणे दाखवले गेले. त्याची मुख्य स्मृती १,०२४ शब्दांची, म्हणजे ५,१२० बाइट. भाच्याच्या लॅपटॉपवरचे एक पान ४,०९६ बाइटचे. तेव्हा ही सगळी स्मृती जेमतेम सव्वा पान भरते. त्यात हायड्रोजन बॉम्बची आकडेमोड झाली आणि हवामानाची गणितेही झाली. नॉयमन यांनी यंत्राची माहिती खुली ठेवल्याने त्याच धाटणीची यंत्रे अनेक देशांत उभी राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक हा आपल्याकडचा संगणकही याच कुळातला, त्याचेही शब्द ४० बिटांचे. मात्र त्याची २,०४८ शब्दांची स्मृती चुंबकीय कड्यांची होती.

नॉयमन यांची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बच्या रचनेत त्यांच्या गणिताचा मोठा वाटा होता. सोव्हिएत संघाविरुद्ध त्यांची मते टोकाची होती. वेळ पडली तर आधी आपण हल्ला करावा, इथपर्यंत ती जात. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले.

डावा खांदा

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचा डावा खांदा दुखू लागला. तपासणीत गळ्याखालच्या आडव्या हाडात, म्हणजे कॉलरबोनमध्ये, कर्करोगाची गाठ सापडली. ती दुसरीकडून आलेली होती. मूळ गाठ कुठली, याबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. कोणी प्रोस्टेट म्हणतात, कोणी स्वादुपिंड. अणुचाचण्यांच्या किरणोत्सारामुळे हा रोग झाला असावा, असेही लिहिले जाते. डॉक्टर म्हणून मी एवढेच सांगेन की एकट्या रुग्णाच्या बाबतीत असे कारण सिद्ध करता येत नाही. मात्र वाचकांनी हे ध्यानात ठेवावे: खांद्याचे किंवा पाठीचे दुखणे आठवडेच्या आठवडे हटत नसेल, रात्री झोपेतून उठवत असेल, विश्रांतीने कमी होत नसेल आणि वजनही घटत असेल, तर मलम चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

१९५६ च्या सुरुवातीला ते व्हीलचेअरवर आले. येल विद्यापीठाने त्यांना संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्याने द्यायला बोलावले होते. दुखण्यातून उठून ते टिपणे लिहीत राहिले. व्याख्याने झालीच नाहीत. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये, पुस्तकरूपाने आली. प्रस्तावना क्लारा यांनी लिहिली.

त्या अपुऱ्या पुस्तकात मेंदूच्या स्मृतीचा हिशेब आहे. चेतापेशी १,००० कोटी धरल्या. प्रत्येक पेशीला सेकंदाला १४ वेळा काही ना काही पोचते असे मानले. साठ वर्षांचे आयुष्य म्हणजे सुमारे २०० कोटी सेकंद. शिवाय मेंदू खऱ्या अर्थाने काहीच पुसत नाही, असे गृहीत धरले. गुणाकार केला की २८ वर १९ शून्ये इतके बिट होतात. आजच्या मापात साडेतीन कोटी टेराबाइट. ही स्मृती मेंदूत नेमकी कुठे आणि कशी राहते हे ठाऊक नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले.

आज चेतापेशींची संख्या ८,६०० कोटींच्या आसपास मानतात, आणि स्मृती पेशींमधल्या जोडण्यांच्या बदलांत राहते असे दिसते. मेंदू पुसतो, गाळतो, जुन्यावर नवे लिहितो, हेही आता माहीत आहे. तेव्हा नॉयमन यांचा आकडा म्हणजे भाच्याच्या पहिल्या प्रोग्रामला मिळालेल्या शंभर जीबींसारखा: मागणीची वरची मर्यादा. योगायोग असा, की त्याच १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध निबंध आला. ऐकलेल्या गोष्टी लगेच परत सांगायच्या तर माणसाला एका वेळी साधारण सातच ध्यानात ठेवता येतात, असे त्यात दाखवले होते. एकीकडे साडेतीन कोटी टेराबाइट, दुसरीकडे सात!

शेवटची तपासणी

एप्रिल १९५६ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात हलवले. शुद्ध हरपताना तोंडून एखादे गुपित निघू नये म्हणून सेवेला विश्वासातले लष्करी कर्मचारी नेमले होते. भाऊ खाटेजवळ बसून गटेचे ‘फाउस्ट’ मूळ जर्मनमधून वाचून दाखवी, आणि पान उलटेपर्यंत पुढच्या ओळी नॉयमन स्वतः म्हणत, अशी आठवण आहे. लहानपणी पाठ केलेले शाबूत होते, नवे मात्र निसटू लागले होते.

त्यांची एकुलती एक मुलगी मरीना तेव्हा एकवीस वर्षांची होती. पुढे ती नामवंत अर्थतज्ज्ञ झाली आणि अमेरिकी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळावरची पहिली स्त्री ठरली. तिने आपल्या आठवणींत लिहिले आहे की अखेरच्या दिवसांत वडील तिला सोपे हिशेब विचारायला सांगत. सात अधिक चार, अशा तोडीचे. ती विचारी, ते उत्तराची धडपड करत. थोड्या वेळाने तिला तिथे बसवेना आणि ती खोलीबाहेर जाई. मित्र एडवर्ड टेलर यांनीही पुढे सांगितले की मरणाहून विचारशक्ती जाण्याचेच दुःख त्यांना अधिक झाले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते गेले.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला आमचा वॉर्ड आठवला. भेटीच्या वेळी नातेवाईक येतात आणि प्रत्येक जण खाटेवरच्या आजोबांची परीक्षा घेतो. मी कोण, ओळखलं का? बरं, हा कोणाचा मुलगा? सकाळी काय खाल्लंत? यात प्रेमच असते. पण दहाव्या माणसाने विचारले आणि उत्तर आले नाही, की आजोबा भिंतीकडे तोंड वळवतात. नॉयमन यांनी परीक्षा आपणहून मागितली होती. आजोबांना कोणी विचारलेलेही नसते.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली वैद्यकीय. कर्करोगाच्या किंवा कोणत्याही मोठ्या आजाराच्या रुग्णाची समज दोन-चार दिवसांत अचानक ढासळली, तर आता संपले असे समजून गप्प बसू नका. रक्तातले सोडियम कमी झाले, हाडांतल्या गाठींमुळे कॅल्शियम वाढले, लघवीत किंवा छातीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, वेदनाशामक औषधाची मात्रा जास्त झाली, तरी माणूस असंबद्ध बोलतो. यातले बरेच काही साध्या रक्त-लघवी तपासणीत सापडते आणि उपचाराने सुधारते. मेंदूत गाठ पसरली असेल, तरीही सूज उतरवणाऱ्या औषधाने काही काळ फरक पडू शकतो. वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना कालपर्यंत माणूस कसा बोलत होता ते नेमके सांगा. आम्हाला ते माहीत नसते.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. तपासणी आमच्यावर सोडा. आमच्या प्रश्नांवरून उपचार ठरतात, म्हणून आम्ही ते विचारतो. तुम्ही खाटेजवळ गेलात की आधी आपले नाव सांगा: आजोबा, मी सुनील, तुमच्या धाकट्या लेकीचा मुलगा. जुन्या गावाच्या, जुन्या घराच्या गोष्टी काढा. त्या बहुधा टिकून असतात. गाणे, आरती, अभंग जे त्यांना पाठ होते ते म्हणा. ते पुढची ओळ जोडतीलही. नाही जोडली, तर तुम्हीच म्हणा.

आणि रुग्णाने आपणहून सात अधिक चार विचारायला सांगितले तर? विचारा. अडखळला तर थोडे थांबा, मग अकरा तुम्ही सांगा, आणि हात हातात घेऊन बसा. बाहेर जाऊन रडावेसे वाटले तर तेही करा. मरीनाला ते चुकले नाही, तुम्हालाही चुकणार नाही.